सांगाडा आणि साज

मोटारगाडी ही एकसंध वस्तू होय, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः जुन्या काळची उंची मोटार ही बहुधा दोन निरनिराळ्या कारखान्यांची कृती असे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी एंजिन व चाके यांसह केवळ चासी, म्हणजे खालचा सांगाडा, विकीत असे. त्यावरील बॉडीचा साज गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे दुसरा कारागीर चढवी. बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात मोडत असे, त्याच्या अधिपतीकरिता बार्कर कंपनीने १९१२ च्या सुमारास सिल्व्हर घोस्टच्या चासीवर सिंहासनासारखे उंच आसन असलेली पिवळी गाडी बांधली. इकडे बीडच्या शेजारी अहिल्यानगर येथील रणगाडा-संग्रहालयात त्याच जातीच्या चासीवरील चिलखती गाडी आहे. एकाच जातीच्या सांगाड्याने एकीकडे राजवैभव वाहिले, दुसरीकडे पोलाद. मग अशी गाडी पूर्वरूपास आणावयाची, तर मूळ म्हणावयाचे कशाला?

हा प्रश्न आमच्याकडील सुतारास नवा नाही. बैलगाडीचा साटा निराळा, आख निराळा. चाकातील तुंबा, आरे व तापवून चढविलेली लोखंडी धाव ही पुन्हा निराळी. बाभळीचा आरा मोडला म्हणून गाडी मोडीत काढली, असे खेड्यात कोणी ऐकिले नसेल.

मोटारींतही लाकूड होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात अॅबिंग्डन येथे सुमारे दहा हजार 'एम. जी. टी. सी.' या क्रीडामोटारी तयार झाल्या. त्यांचा बाहेरचा पत्रा पोलादी, परंतु आतील चौकट अॅश नावाच्या लाकडाची असे. पत्रा व लाकूड यांच्या सांध्यांत पाणी मुरले की लाकूड कुजते, पत्रा गंजतो, आणि बाहेरून झळकणारी गाडी आतून पोखरली जाते.

म्हणून अशा कामास क्रम असतो. बॉडी उचलण्याआधी दारांच्या मोकळ्या जागी आडवे आधार द्यावयाचे. नाही तर ती वेडीवाकडी होते. नंतर चासीचे कर्ण मोजावयाचे. दोन कर्ण जुळले नाहीत, तर सांगाडा तिरका झाला आहे असे समजावे. अशा सांगाड्यावर कितीही कसबाने ठोकलेला पत्रा बसविला तरी दारांच्या फटी सारख्या येत नाहीत. कुजलेले लाकूड फेकावयाचे नाही, कारण नव्या तुकड्याचा नमुना तेच असते. रंग देण्यापूर्वी बॉडी एकदा चासीवर बसवून पाहावी लागते.

भारत सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. चासी, बॉडीचे कवच वा एंजिन यांत मोठा फेरफार झाला असल्यास त्या मान्यतेस गाडी पात्र होत नाही. २०१२ मध्ये जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली तुरीनची सनदही, नवे करण्यापेक्षा जुने राखण्यावर भर देते. आमच्या मते यातील विवेक असा : कुजलेला तुकडा त्याच मापाच्या, त्याच जातीच्या लाकडाने बदलणे ही दुरुस्ती, आपल्या हौसेखातर रूप पालटणे हा फेरफार. आणि काय बदलले, याची टिपणी गाडीबरोबर राहिली पाहिजे. एरवी पुढच्या पिढीस नवे-जुने ओळखता येणार नाही.

तथापि श्रीमंतांच्या गाड्यांस कायदा, सनद व संग्रहालय लाभते. बीडच्या ऊसतोडकऱ्यांची गाडी लाकडी चाके टाकून केव्हाच रबरी टायरांवर आली. ती सोयीची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु धाव चढविण्याचे कसब ज्या हातांत होते, त्याची टिपणी कोणी ठेवीत नाही. गाडी शंभर वर्षांनीही उकलून तिचे माप घेता येते. कारागिराचे माप मात्र त्याच्या हयातीतच घ्यावे लागते.