हिपॅटायटिस-सी : औषध हाती आले, आता प्रश्न रुग्णापर्यंत पोहोचण्याचा

रक्तावाटे पसरणारा आणि वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता यकृत पोखरणारा हिपॅटायटिस-सी हा आजार आज तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी, बहुतेक रुग्णांत अवघ्या १२ आठवड्यांत, पूर्ण बरा होऊ शकतो. दशकभरापूर्वी हीच गोष्ट रुग्णांसाठी दूरची आशा होती. औषध होते, पण ते अमेरिकेत होते आणि त्याची किंमत ऐकून मध्यमवर्गीय कुटुंबानेही हात टेकावेत अशी होती. आता औषध भारतात तयार होते आणि सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोक या विषाणूसह जगत होते आणि त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात होते. यांतील बहुसंख्यांना आपल्याला हा आजार आहे, हेच ठाऊक नाही.

आजाराचे स्वरूप

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. ए, बी, सी, डी आणि ई हे त्याचे पाच प्रमुख विषाणू. त्यांपैकी ए आणि ई हे दूषित अन्नपाण्यातून पसरतात, तर सी प्रामुख्याने रक्तातून. आपल्याकडे यकृताचा कोणताही विकार ‘कावीळ’ या एकाच नावाने ओळखला जातो आणि त्यामुळे मोठा गैरसमज होतो. हिपॅटायटिस-सीच्या बहुसंख्य रुग्णांना संसर्गाच्या वेळी कावीळ होतच नाही. डोळे पिवळे झाले नाहीत म्हणून तपासणी होत नाही आणि पुढे कावीळ दिसू लागते, तेव्हा यकृताची हानी बरीच पुढे गेलेली असते. कावीळ ‘उतरवणाऱ्या’ गावठी उपायांत गेलेला काळही याच हानीत भर घालतो.

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्या सुमारे ७० टक्क्यांत तो कायम मुक्काम करतो. अशा दीर्घकालीन संसर्गात २० वर्षांच्या अवधीत सिरोसिस, म्हणजे यकृत आकसून कठीण होण्याचा धोका १५ ते ३० टक्के असतो. पुढे जलोदर, रक्ताच्या उलट्या, यकृताचा कर्करोग अशी मालिका सुरू होऊ शकते.

विषाणूचा शोध आणि इंटरफेरॉनचा काळ

१९७० च्या दशकात रक्त दिल्यानंतर होणाऱ्या काविळीचा अभ्यास करताना अमेरिकी संशोधक हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आले की, अनेक रुग्णांत ना ए विषाणू आहे, ना बी. या अज्ञात विषाणूची ओळख १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटवली. हा एकटा विषाणू आजार निर्माण करण्यास पुरेसा आहे, हे चार्ल्स राईस यांनी सिद्ध केले. या तिघांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू सापडल्यामुळे रक्तपेढ्यांतील चाचणी शक्य झाली. भारतात या शतकाच्या आरंभापासून दात्याच्या रक्ताची ही चाचणी सक्तीची आहे. त्याआधी रक्त घेतलेल्यांना असलेला धोका मात्र मागे राहिला.

उपचाराची वाट खडतर होती. सुरुवातीला इंटरफेरॉनची इंजेक्शने, नंतर त्यांच्या जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या आणि २००० नंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाचे पेगिलेटेड इंटरफेरॉन असा तो प्रवास होता. विषाणूच्या प्रकारानुसार २४ ते ४८ आठवडे उपचार चाले. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्तक्षय आणि तीव्र नैराश्य यांमुळे अनेकांना तो मध्येच सोडावा लागे. इतके सोसूनही पहिल्या जनुकीय प्रकाराच्या रुग्णांपैकी जेमतेम निम्मे बरे होत. ज्यांचे यकृत सर्वाधिक खराब झाले होते, त्यांना हे औषध झेपतही नसे. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यासाठीच उपाय नव्हता.

नव्या गोळ्या काय करतात

इंटरफेरॉन शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवत असे. नवी औषधे थेट विषाणूच्या यंत्रणेवर घाव घालतात, म्हणून त्यांना ‘थेट विषाणूविरोधी औषधे’ म्हणतात. विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी काही प्रथिने लागतात. त्यांतील तीन या औषधांची लक्ष्ये आहेत. नावाच्या अखेरीस ‘प्रेव्हिर’ असलेली औषधे विषाणूची प्रथिने कापून वेगळी करणारे विकर रोखतात. ‘आस्व्हिर’ गटातील औषधे प्रती जुळवण्याच्या कामात अडथळा आणतात. ‘बुव्हिर’ गटातील औषधे नवी जनुकीय साखळी विणणाऱ्या विकराला थोपवतात. सोफोस्बुव्हिर हे या शेवटच्या गटातील. साखळीत ते खोटा दुवा म्हणून शिरते आणि साखळी तिथेच तुटते. दोन वेगळ्या गटांतील औषधे एकत्र दिली की विषाणूला निसटायला वाट राहत नाही.

हा आजार समूळ बरा होण्यामागे आणखी एक कारण आहे. एचआयव्ही आपली जनुकीय माहिती मानवी पेशीच्या जनुकांत मिसळून ठेवतो, तर हिपॅटायटिस-बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो. सी विषाणू तसा दडून राहत नाही. त्याच्या प्रती निघणे थांबले की त्याचा शेवट होतो. नव्या उपचारांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, ते यामुळेच.

किमतीचा पेच आणि भारतीय औषधे

अमेरिकेत सोफोस्बुव्हिरला डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. गिलियड सायन्सेस या कंपनीने १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर ठेवली. म्हणजे एका गोळीला एक हजार डॉलर आणि पूर्ण उपचाराला त्या वेळच्या दराने ५० लाख रुपयांहून अधिक. अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने या किमतीची चौकशी केली.

सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय औषध कंपन्यांशी परवाना करार केला. त्यानुसार या कंपन्यांना जेनेरिक सोफोस्बुव्हिर तयार करून ९१ विकसनशील देशांत विकण्याची मुभा मिळाली. चीन, ब्राझील, मलेशिया यांसारखे मध्यम उत्पन्नाचे देश त्या यादीबाहेर होते. दरम्यान, जानेवारी २०१५ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने या औषधाशी संबंधित एक अर्ज फेटाळला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, फेरविचार झाला आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. तोवर भारतीय जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या होत्या. २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली सुमारे २० हजार रुपयांना मिळू लागली, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च ६० हजारांच्या आसपास. पुढे स्पर्धेमुळे दर आणखी उतरले. ज्यांच्या देशात औषध परवडत नव्हते किंवा विमा ते देत नव्हता, असे परदेशी रुग्णही भारतातून गोळ्या मागवू लागले. मलेशियाने २०१७ मध्ये सक्तीच्या परवान्याचा मार्ग अवलंबला. आज कमी उत्पन्नाच्या देशांतील सरकारी कार्यक्रमांसाठी हा उपचार ६० डॉलरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच हजार रुपयांत उपलब्ध होऊ शकतो.

पंजाबचा अनुभव आणि राष्ट्रीय कार्यक्रम

देशात या आजाराचा भार पंजाबमध्ये विशेष जाणवला. तेथील सरकारने जून २०१६ मध्ये मोफत उपचारांची योजना सुरू केली. बड्या शहरांतील यकृततज्ज्ञांवर विसंबून न राहता जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना प्रशिक्षण देण्यात आले आणि चंडीगडच्या पीजीआय संस्थेने त्यांना दूरसंवादाद्वारे मार्गदर्शन केले. या योजनेच्या प्रकाशित अभ्यासात ४८ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता आणि त्यांत बरे होण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांहून अधिक आढळले. तज्ज्ञाच्या दारी न जाताही हा आजार बरा करता येतो, हे त्यातून दिसून आले.

२८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत चाचणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. जिल्हा पातळीवर उपचार केंद्रे आहेत, तर गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मोठ्या रुग्णालयांत आदर्श उपचार केंद्रे आहेत. सिरोसिस नसलेल्या रुग्णाला सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, तर सिरोसिस असल्यास सोफोस्बुव्हिर आणि वेलपाटास्व्हिर १२ आठवडे दिले जाते. यकृताचे कार्य ढासळलेले असल्यास जोडीला रिबाव्हिरिन देतात किंवा कालावधी २४ आठवड्यांचा करतात.

बरे होणे म्हणजे काय

निदान दोन पायऱ्यांनी होते. पहिली चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. ती सकारात्मक आल्यास विषाणू प्रत्यक्ष आहे का, हे दुसऱ्या चाचणीने, म्हणजे ‘व्हायरल लोड’ तपासून ठरवतात. क्षयरोगाच्या निदानामुळे परिचित झालेली, गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रणा यासाठीही वापरली जाते. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात.

येथे दोन गोष्टी रुग्णांनी ध्यानात ठेवायला हव्यात. प्रतिपिंडांची चाचणी बरे झाल्यावरही सहसा आयुष्यभर सकारात्मक येते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या किंवा नोकरीच्या तपासणीत तसा अहवाल आला म्हणून आजार उलटला असे समजू नये. व्हायरल लोडचा अहवाल जपून ठेवावा. दुसरे म्हणजे, एकदा बरे झाल्याने संरक्षण मिळत नाही. पुन्हा संसर्ग होऊ शकतो आणि हिपॅटायटिस-बीप्रमाणे या आजारावर लस नाही.

विषाणू गेला म्हणजे यकृत पूर्ववत झाले, असेही नाही. लवकर उपचार झाल्यास यकृताची सूज ओसरते आणि व्रणही काही प्रमाणात भरून येतात. सिरोसिस झालेल्यांचा धोका घटतो, पण संपत नाही. यकृताच्या कर्करोगासाठी त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेणे आवश्यक असते. मद्यपान टाळणे सर्वांनाच हितावह आहे.

उपचारापूर्वीची खबरदारी

नव्या गोळ्यांचे दुष्परिणाम सौम्य असतात. डोकेदुखी आणि थकवा हे त्यांत प्रमुख. तथापि त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. उपचारापूर्वी हिपॅटायटिस-बीची चाचणी आवश्यक असते, कारण सी विषाणू हटल्यावर दबलेला बी विषाणू उसळू शकतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेपरे रोखणारी काही औषधे या गोळ्यांचा परिणाम घटवतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन सोफोस्बुव्हिरसोबत घातक ठरू शकते. आम्लपित्ताच्या गोळ्यांमुळे वेलपाटास्व्हिर कमी शोषले जाते. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांना द्यावी.

उरलेले काम

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार, २०२२ अखेरीस जगातील केवळ ३६ टक्के हिपॅटायटिस-सी रुग्णांचे निदान झाले होते आणि २० टक्क्यांना उपचार मिळाले होते. नवे संसर्ग ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट २०३० साठी आहे. ते अशक्य नाही, हे इजिप्तने दाखवले. गतशतकात एका परजीवीजन्य रोगाविरुद्धच्या इंजेक्शन मोहिमेत सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्याने त्या देशात हा विषाणू घरोघरी पोहोचला होता. २०१८ पासून तेथे कोट्यवधी नागरिकांची तपासणी करण्यात आली. २०२३ पर्यंत ८७ टक्के रुग्णांचे निदान झाले आणि निदान झालेल्यांपैकी ९३ टक्क्यांना उपचार मिळाले.

भारतात औषध, किंमत आणि केंद्रे हे तीनही अडथळे बऱ्याच अंशी दूर झाले आहेत. चाचणीचा अडथळा उरला आहे. रक्तपेढ्यांतील तपासणी सक्तीची होण्यापूर्वी रक्त घेतलेले, डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलियाचे रुग्ण, कधीही सुईने अमली पदार्थ घेतलेले, अनोंदणीकृत दवाखान्यांत वारंवार इंजेक्शने घेतलेले, असुरक्षित साधनांनी गोंदवून घेतलेले, एचआयव्हीबाधित आणि बाधित मातांची मुले यांनी एकदा ही चाचणी करून घ्यावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. एकत्र जेवल्याने, हस्तांदोलनाने वा रुग्णाची सेवा केल्याने हा आजार पसरत नाही. त्यामुळे निदान लपवण्याचे कारण नाही. जवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास चाचणी आणि उपचाराची माहिती मिळू शकते.