मौनं संमतिलक्षणम्

परवा बँकेचा एसएमएस आला: ४९९ रुपये वजा! महिनाभर फुकट म्हणून घेतलेलं काहीतरी बंद करायचं राहिलं होतं. म्हटलं, आपलाच वेंधळेपणा. पण मंडळी, ही युक्ती आपल्या आजोबांच्या काळातली आहे.

१९२६ साली अमेरिकेत हॅरी शर्मन यांनी 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला. पुढे त्यांनी पद्धत पाडली: पुस्तक नको असेल तर वेळेत कार्ड पाठवायचं. नाही पाठवलं, की पुस्तक घरी, मागोमाग बिल. १९७३ साली तिथे नियम झाला, नकार कळवायला किमान दहा दिवस द्या. आपल्याकडे 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'वर सरकारी बंदी आली २०२३मध्ये.

आता कार्डाच्या जागी आमच्या कोडमधली एक ओळ असते. तिथे डीफॉल्ट 'हो' लिहिणारा माझ्यासारखाच कुणीतरी असतो. असो, चूक निम्मीच माझी!