वर्ध्याला कडा का नाही? एका खडकाच्या चार तऱ्हा

१/७
वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आहेत. बाबा शेख फरीद यांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ दगड झाले, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइटचे गोळे होत. लाव्ह्यातील वायूच्या पोकळ्यांत ते साकळले.

२/७
हाच बेसाल्ट सह्याद्रीत छातीत धडकी भरवणारे कडे उभे करतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचले. पश्चिमेस त्यांची जाडी हजार मीटरहून अधिक आहे; पूर्वेस ती घटत जाऊन नागपूरच्या आसपास हा खडक संपतो. वर्ध्याला कडा नाही, तो यामुळे.

३/७
पहिली तऱ्हा: निसर्गाचा कडा. कठीण थराखालचा ठिसूळ थर झिजतो, वरचा निराधार होऊन कोसळतो आणि कडा ताठच राहतो. हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा हे त्याचे भव्य रूप.

४/७
दुसरी तऱ्हा: तासलेला कडा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडाचा कडा चढून गेले. निसर्गाच्या कड्यालाही वाट फुटते, हे दुर्गकारांना ठाऊक होते. म्हणून चढण्याजोग्या जागा तासून दुर्गम केल्या जात.

५/७
तिसरी तऱ्हा: तोडलेला कडा. १८१८ मध्ये मराठी सत्ता संपताच इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. अलंग आणि मदन गडांवर आज दोर लावून चढावे लागते. गिर्यारोहकाला थरारक वाटणारा तो टप्पा वस्तुतः पराभवाची खूण आहे.

६/७
चौथी तऱ्हा: कडा नसणे. पवनारने धाम नदीचा आश्रय घेतला, वा. वि. मिराशींच्या मते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच. नागपूरची सीताबर्डी तर बेसाल्टची बुटकी टेकडी. तरीही २६-२७ नोव्हेंबर १८१७ रोजी तिथेच आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. वर्ध्याचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६२ मध्ये.

७/७
राज्याचे भवितव्य ठरवायला कोकणकड्याची उंची लागत नाही. भोवतालच्या सपाटीपेक्षा थोडी उंच जागा पुरते. महाराष्ट्राचा इतिहास केवळ गडांच्या नकाशावर वाचला, तर विदर्भ कोरा दिसतो. तो कोरा नाही. तिथला इतिहास नदीकाठी आणि बुटक्या टेकड्यांवर शोधावा लागतो.