मातीची धरणे, नासिक परिसरातील
दगडी धरण मुख्यत्वे आपल्या वजनाने पाण्याचा दाब पेलते. मातीच्या धरणाची स्थिरता मात्र मातीच्या कर्तनबलावर, म्हणजे तिचे थर एकमेकांवरून घसरू न देणाऱ्या विरोधावर, अवलंबून असते. हा विरोध कणांमधील घर्षण व चिकटपणा यांपासून मिळतो, असे फ्रेंच अभियंते कूलाँ यांनी १७७३ मध्ये मांडले. भिजलेल्या मातीत छिद्रांतील पाणी भाराचा काही भाग उचलते. परिणामी कणांमधील दाब व घर्षण कमी होते. कार्ल टेरत्सागी यांनी हे तत्त्व स्पष्ट केले व त्यांच्या १९२५ मधील ग्रंथापासून मृदा यामिकी हे स्वतंत्र शास्त्र मानले जाऊ लागले.

नासिक परिसरात बेसाल्ट खडकापासून काळी चिकण माती व मुरूम तयार झाले आहेत. काळी माती पाणी अडविते. परंतु भिजल्यावर फुगते व दुर्बळ होते, वाळल्यावर तिला भेगा पडतात. मुरूम बळकट, पण झिरपणारा असतो. म्हणून धरणाच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा, बाहेर मुरमाचे आवरण व झिरपणारे पाणी काढून देण्यास वाळूचे गाळणथर, अशी रचना करतात. माती योग्य ओलाव्यावर थराथराने रुळाने दाबतात. जलाशयाची पातळी झपाट्याने उतरल्यास आतील पाणी तितक्या लवकर निघत नाही व पाण्याकडील उतार घसरण्याचा धोका असतो.

नासिक शहराच्या वरच्या अंगास गोदावरीवर बांधलेले गंगापूर धरण (उंची सु. ३६·५ मी., लांबी सु. ३·९ किमी.) १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी चारच वर्षे, १२ जुलै १९६१ रोजी, काम अपुरे असताना भरलेले पानशेतचे मातीचे धरण फुटून पुणे शहराची मोठी हानी झाली होती.

नासिक येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (मेरी) माती, काँक्रीट इ. बांधकाम द्रव्यांची चाचणी होते. राज्यातील धरणांच्या तपासणीसाठी १९८० मध्ये धरण सुरक्षितता संघटनाही येथेच स्थापन झाली. मातीच्या धरणातून थोडे स्वच्छ पाणी पाझरणे अपेक्षितच असते. ते गढूळ येऊ लागले, तर आतील माती वाहून जात असल्याचे समजून तातडीने उपाय योजावे लागतात.