कोलेस्टेरॉल : पथ्य की गोळी?

रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले की घरोघरी दोन मते ऐकू येतात. तर्री-पोहे आणि सावजी रस्सा बंद करून सकाळी अंबाझरीला फिरायला गेले की आकडा आपोआप उतरेल, असे काहींना वाटते. गोळी सुरू झाल्यावर पथ्य कशाला, असे इतरांचे म्हणणे असते. प्रत्यक्षात ही दोन्ही मते अर्धवट असून त्यांपायी हृदयविकाराचा धोका वाढू शकतो.

कोलेस्टेरॉल येते कोठून?

शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत आणि इतर पेशी स्वतःच तयार करतात. अन्नातून येणारा वाटा त्या मानाने लहान असतो. रक्तातील अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल पेशींवरील ग्राहकांद्वारे शोषले जाते. या शोधासाठी मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काही कुटुंबांत हे ग्राहक जन्मतःच सदोष असतात. त्यामुळे काटेकोर शाकाहारी व सडपातळ व्यक्तीचेही कोलेस्टेरॉल पुष्कळ वाढलेले असू शकते. अशा वेळी केवळ आहाराला दोष देणे योग्य नव्हे.

पथ्याने काय साधते?

तूप, लोणी, वनस्पती तूप, पामतेल व चरबीयुक्त मांस कमी करून डाळी, भाज्या, फळे व ओट्स वाढविल्यास एलडीएल साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकते. विदर्भात परिचित असलेली जवसाची चटणीही उपयुक्त ठरते. मात्र हा लाभ माफक असून तो दळलेल्या बियांतून मिळतो, नुसत्या तेलातून फारसा नाही.

नियमित चालण्याने ट्रायग्लिसराइड, वजन, रक्तदाब व साखर यांवर चांगला परिणाम होतो. एलडीएल मात्र फारसे घटत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हा व्यायाम पहाटेच उरकावा. खर्रा, तंबाखू व धूम्रपान सोडणे हे पथ्यातील सर्वांत मोलाचे पाऊल होय. कोलेस्टेरॉलचा आकडा न बदलताही त्यामुळे हृदयाचा धोका कमी होतो.

गोळीचे काम

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळविले. ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखतात. औषध व मात्रेनुसार एलडीएल ३० ते ५० टक्के किंवा अधिक घटते. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिनमुळे मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९४ मध्ये दिसून आले.

काहींना स्नायुदुखी होते, क्वचित यकृताच्या तपासणीत फरक पडतो, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींमध्ये साखर किंचित वाढू शकते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत लाभ या त्रासांहून अधिक असतो. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

निर्णय कसा होतो?

केवळ अहवालातील आकडा पाहून उपचार ठरत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोका असलेल्यांचे एलडीएल १०० मिलिग्रॅमखाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांचे ७० खाली, तर हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांचे ५५ खाली असावे. धोका कमी असल्यास काही महिने पथ्य पाळून पुन्हा तपासणी करता येते. एलडीएल १९० किंवा अधिक असल्यास, अथवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास, पथ्यासोबतच औषध लागते. तेथे वाट पाहणे धोक्याचे आहे.

सर्वांत घातक चूक

नवा अहवाल चांगला आला की अनेक जण स्वतःच गोळी बंद करतात. तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो आणि औषध थांबताच काही आठवड्यांत पूर्वपदावर येतो. कोलेस्टेरॉल वाढले तरी दुखत नाही, त्यामुळे ही वाढ लक्षातही येत नाही. त्रास जाणवल्यास मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन किंवा इझेटिमाइबसारखे औषध देणे हे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

पथ्य औषधाची मात्रा आटोक्यात ठेवते, तर पथ्य जेथे अपुरे पडते तेथे औषध उपयोगी येते. म्हणून गोळी सुरू वा बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा आणि पथ्य मात्र आजन्म सांभाळावे.