अलास्का : एका जिनसेवर जगलेला मुलूख

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर अगदीं वायव्येच्या कोपऱ्यांत, आर्क्टिक व पॅसिफिक या दोन महासागरांच्या बेचक्यांत, अलास्का नांवाचा मुलूख आहे. विस्तारानें तो महाराष्ट्राच्या सुमारें साडेपांचपट. पण २०२० सालच्या शिरगणतींत तेथें माणसें भरलीं तीं अवघीं ७ लाख ३३ हजार. १८६७ सालीं रशियाच्या झारनें हा मुलूख अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना ७२ लाख डॉलरांस विकला. ज्या परराष्ट्रमंत्र्यानें हा सौदा केला, त्या सिवर्डची वर्तमानपत्रांनीं पुष्कळ थट्टा केली. बर्फाची पेटी विकत घेतली असें म्हटलें. पुढें ती थट्टा करणाऱ्यांच्याच अंगावर उलटली. परंतु सिवर्ड शहाणा ठरला म्हणून अलास्का निश्चिंत झाला असें मात्र नव्हे. निसर्गानें या मुलखाला देतांना हात आखडता घेतला नाहीं. त्याचें दुखणें निराळेंच होतें. प्रत्येक पिढींत तो कोणत्या तरी एकाच जिनसेवर जगत आला, आणि ती जिन्नस सरली किंवा तिचा भाव उतरला कीं वसलेलीं गांवें ओस पडत गेलीं.

रशियन लोक तेथें आले ते समुद्रांतील पाणमांजराच्या मऊ कातड्यासाठीं. अल्यूत लोकांना वेठीस धरून त्यांनीं ही शिकार इतकी केली कीं तो प्राणीच दुर्मिळ झाला. अमेरिकनांच्या अमलांत सील या प्राण्याची पाळी आली; त्याचा वंश वांचविण्यासाठीं १९११ सालीं अमेरिका, ब्रिटन, रशिया व जपान या चार राष्ट्रांना तह करावा लागला. मग सोनें. १८८० त जूनो, १८९९ त नोम, १९०२ त फेअरबँक्स, अशी सोन्याची हांक जेथून आली तेथें माणसें धांवलीं. केनिकॉटच्या तांब्याच्या खाणींसाठीं डोंगर-हिमनद्यांमधून १९६ मैलांचा लोहमार्ग घातला गेला. १९११ ते १९३८ पर्यंत तांबें निघालें. तें संपतांच खाण बंद झाली, आगगाडी बंद झाली, आणि गांवांतली माणसें शेवटच्या गाडीनें निघून गेलीं.

सॅमन माशाची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. हा मासा समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं ज्या नदींत जन्मला तिच्यांतच परत येतो. १८७८ सालीं तो डब्यांत भरण्याचे पहिले कारखाने निघाले. मालक सिॲटलचे व सॅन फ्रान्सिस्कोचे. मजूर उन्हाळ्याच्या तोंडाशीं जहाजानें यायचे आणि थंडीपूर्वीं परत जायचे. नफाहि त्याच जहाजानें जाई. मासा येण्याच्या वाटेवर या मालकांनीं लांकडी खुंट रोवून आणि जाळीं बांधून प्रचंड सापळे उभारले होते. गांवच्या कोळ्यानें होडी घेऊन दिवसभर राबावें, आणि सापळ्यानें एका भरतींत त्याचा हंगाम गिळावा, असा हा विषम सामना होता. १९३६ सालीं बारा कोटींवर मासे पकडले गेले. १९५३ पर्यंत अशी वेळ आली कीं मध्यवर्ती सरकारला या धंद्यावर आपत्ति ओढवल्याचें जाहीर करावें लागलें. अलास्काला स्वतंत्र घटक राज्याचा दर्जा हवा, या मागणीच्या मुळाशीं या सापळ्यांचा संताप फार होता. १९५६ सालीं राज्यघटनेचा मसुदा मतास टाकला गेला, तेव्हां त्याच्यासोबतच सापळे बंद करण्याचा ठरावहि लोकांनीं प्रचंड बहुमतानें संमत केला. ३ जानेवारी १९५९ रोजीं राज्य झालें आणि सापळे गेले.

दरम्यान सरकारी खर्चानें दुसरी मिळकत उभी करण्याचा एक प्रयोग होऊन गेला होता. १९३५ सालीं, मंदीच्या दिवसांत, रूझवेल्ट सरकारनें मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन येथील दोनशेंवर गांजलेलीं शेतकरी कुटुंबें मातानुस्का खोऱ्यांत आणून वसविलीं. चिठ्ठ्या टाकून बहुतेकांस चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे दिले. घरें होईपर्यंत बिऱ्हाड तंबूंत. जमीन वाईट नव्हती. उन्हाळ्यांत तेथें सूर्य मावळायलाच तयार नसतो, त्यामुळें भाजीपाला तर असा वाढतो कीं २०१२ सालच्या जत्रेंत एक कोबी १३८ पौंडांचा भरला! परंतु कोबी केवढा झाला यावर संसार चालत नाहीं, तो कोणी विकत घेतला यावर चालतो. मोठी पेठ नव्हती, हंगाम तोकडा होता, कर्ज मात्र रोज वाढत होतें. पांच वर्षांत निम्म्याहून अधिक कुटुंबें निघून गेलीं. जीं राहिलीं त्यांना दुसऱ्या महायुद्धानें तारलें; अँकरेजला लष्कराचा तळ पडला आणि दूध-बटाट्याला गिऱ्हाईक मिळालें.

१९६८ सालीं आर्क्टिकच्या किनाऱ्यावर प्रूडो बे येथें खनिज तेलाचा अफाट सांठा सांपडला. पुढल्याच वर्षीं, १० सप्टेंबर १९६९ रोजीं, तेलाच्या जमिनींचे ठेके लिलावांत निघाले आणि एका दिवसांत राज्याच्या तिजोरींत नव्वद कोटी डॉलर पडले. दहा वर्षांपूर्वीं जन्मलेल्या या राज्याच्या वर्षाच्या खर्चाच्या ती रक्कम कितीतरी पट होती. ८०० मैलांचा नळ घालून, जेथें जमीन बारमाही गोठलेली तेथें तो खांबांवर उचलून, १९७७ त तेल दक्षिणेस वाल्डीझ बंदरांत वाहूं लागलें. तोंवर लिलावाचा पैसा बहुतेक खर्चून गेला होता.

जे हॅमंड हे त्या वेळीं गव्हर्नर होते. वैमानिक, शिकारी आणि कोळी अशीं तिन्ही कामें केलेला हा मनुष्य. तेलहि एक दिवस कातड्यांच्या आणि तांब्याच्याच वाटेनें जाणार, हें ते ओळखून होते. म्हणून १९७८ सालीं फेअरबँक्सच्या आग्नेयेस डेल्टा येथें साठ हजार एकर जंगलजमीन सोडत काढून शेतकऱ्यांस देण्यांत आली. बार्ली पिकवावी, ती वाल्डीझला न्यावी, आणि जहाजांनीं आशियांत विकावी, असा बेत होता. वाल्डीझला काँक्रीटच्या नऊ उंच कणग्याहि उभ्या राहिल्या. मग अडचणी आल्या त्या एकामागून एक. वारा नव्यानें उघडी पडलेली माती उडवी. बर्फ वेळेआधीं पडे. १९२८ त मोंटानाहून आणून सोडलेल्या बायसन नांवाच्या रानगव्यांचे कळप उभ्या पिकांत शिरत. जगांत धान्याचे भाव घसरले. निर्यातीची बार्ली त्या कणग्यांत कधींच पडली नाहीं. १९८५ च्या मध्यवर्ती कायद्यानें जमीन पडीत ठेवण्याबद्दल शेतकऱ्यांस पैसे मिळूं लागले, तेव्हां डेल्टांतल्या पुष्कळांनीं तेंच पत्करलें. एका सरकारनें पैसे देऊन जंगल तोडविलें, दुसऱ्यानें पैसे देऊन शेत पडीत ठेवविलें! अँकरेजच्या समोर, खाडीपलीकडे पॉइंट मॅकेंझी येथें दुधाच्या धंद्यासाठीं अशाच जमिनी वांटल्या. तीहि योजना थोड्याच वर्षांत आटोपली, आणि पुढें त्या परिसरांत मोठा तुरुंग उभा राहिला.

हॅमंड यांचें जें काम टिकलें तें वेगळें. १९७६ सालीं घटनादुरुस्ति होऊन, खनिजांच्या विशिष्ट उत्पन्नाचा निदान चौथा हिस्सा एका स्थायी निधींत टाकावा आणि मुद्दलास हात लावूं नये, असें ठरलें. १९८२ पासून त्याच्या उत्पन्नांतून प्रत्येक रहिवाशास, तान्ह्या मुलासहि, लाभांश मिळूं लागला. पहिला हजार डॉलरांचा होता. ही व्यवस्था जगभर वाखाणली गेली, आणि ती वाखाणण्यासारखी आहेच.

परंतु तिच्या जोडीला एक गोष्ट झाली, तिच्याकडे लक्ष कमी जातें. १९८० सालीं राज्यानें प्राप्तिकर काढून टाकला. राज्याचा विक्रीकर तर नव्हताच. तेल वाहत असतांना कर कशाला, असा सरळ हिशेब. हॅमंड यांना तें पटलें नव्हतें आणि पुढें त्यांनीं तसें बोलूनहि दाखविलें. याचा परिणाम पाहावा. एखादा नवा कारखाना आला, त्याच्याबरोबर हजार कामकरी आले, तर त्यांच्या मुलांना शाळा हवी, रस्ता हवा, पोलीस हवेत, खर्च वाढला. त्या कामकऱ्यांच्या मिळकतींतून मात्र राज्याला दमडी मिळावयाची नाहीं. म्हणजे नवा धंदा जितका भरभराटेल तितका सरकारला भुर्दंड! दुसरी मिळकत हवी असें सारे तोंडानें म्हणत होते, आणि ती आली तर तिजोरीला परवडूं नये अशी तजवीज त्यांनींच करून ठेविली होती. बार्ली बुडविली ती रानगव्यांनीं आणि भावानें. ही तजवीज मात्र शुद्ध माणसांची.

१९८६ त तेलाचा भाव कोसळला, तेव्हां अँकरेजमध्यें बँका बुडाल्या आणि घरें सोडून लोक निघाले. १९८८ त दिवसाला सुमारें वीस लाख पिंपें निघत होतीं. पुढें तो आंकडा पांच लाखांच्याहि खालीं आला. २०१६ सालीं लाभांश निम्म्यानें कापावा लागला, आणि २०१८ च्या कायद्यानें निधींतील ठराविक हिस्सा दरसाल सरकारी खर्चाकडे वळला. तेव्हांपासून विधिमंडळांत दर वर्षीं एकच भांडण : शाळांना किती आणि घरोघर किती.

मग तेलाखेरीज अलास्कांत कांहींच रुजलें नाहीं काय, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. रुजलें. सापळे गेल्यावरहि सॅमन लगेच परतला नाहीं. १९७३ च्या कायद्यानें मासेमारीचे परवाने मर्यादित केले, अंडीं घालण्यापुरते मासे नदींत गेल्याखेरीज जाळें टाकूं द्यावयाचें नाहीं असा दंडक पाळला, आणि २०१३ सालीं सत्तावीस कोटींहून अधिक मासे हातीं आले. १९७१ च्या कायद्यानें मूळ रहिवाशांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन व ९६ कोटींवर डॉलर मिळाले, आणि त्यांच्या प्रादेशिक कंपन्या निघाल्या. वायव्येच्या इन्युपियाक लोकांच्या अशाच कंपनीच्या जमिनींत रेड डॉग ही जस्ताची खाण १९८९ त सुरू झाली. तेथें नोकरींत भागीदारांना अग्रक्रम आहे, आणि प्रादेशिक कंपन्यांच्या अशा खनिज-जंगलांच्या उत्पन्नाचा सत्तर टक्के वांटा सर्वांत विभागावा, असा त्या कायद्याचाच नियम आहे. जस्तहि संपणारेंच, पण तोंवर त्याचा नफा पूर्वींसारखा जहाजांत बसून जात नाहीं.

मातानुस्काचा जुना दूधधंदा शेवटीं राज्याच्याच गळ्यांत पडला आणि २००७ सालीं बंद झाला. डेल्टाकडे मात्र कांहीं शेतकरी चिकटून राहिले. त्यांची बार्ली आशियाला जात नाहीं; ती अलास्कांतल्याच गुरांच्या दावणीला जाते, आणि थोडीबहुत दळून तेथल्याच घरांत भाकरीला लागते. रानगवे अजून येतात.