सेल्को आणि हरीश हांडे : गावात परवडणारी सोलार वीज कशी पोहोचली?

मोबाईल १० टक्क्यांवर आला आणि नेमकी लाईट गेली की आपला जीव कासावीस होतो. पण ज्या घरात लाईट कधी आलीच नाही, त्यांनी काय करायचं? बंगळूरची सेल्को कंपनी १९९५ पासून याच प्रश्नावर काम करतेय.

हरीश हांडे कोण आहेत?

आयआयटी खरगपूरमधून इंजिनिअर झालेले हांडे पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकले. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गरीब कुटुंबं स्वतःच्या पैशांनी सोलार दिवे वापरताना त्यांनी पाहिली आणि तिथून दिशा मिळाली. नेव्हिल विल्यम्स यांच्यासोबत त्यांनी सेल्को सुरू केली. २०११ मध्ये हांडेंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सोलार होम सिस्टिम कशी चालते?

छतावरचं पॅनल उन्हापासून डीसी वीज तयार करतं. चार्ज कंट्रोलर ती बॅटरीत भरतो. बॅटरी ओव्हरचार्ज होऊ नये किंवा पूर्ण रिकामी होऊ नये, हेही तोच बघतो. रात्री याच बॅटरीवर दिवे लागतात आणि फोन चार्ज होतो.

मग ती परवडते कशी?

खरी मेख इथेच आहे. रॉकेल रोज थोडं थोडं घेता येतं, पण सोलारचे पैसे एकदम लागतात. म्हणून सेल्कोने ग्रामीण बँकांना यासाठी कर्ज द्यायला तयार केलं. हप्ताही कमाई बघून ठरतो. भाजीवालीला महिन्याचे ३०० रुपये एकदम काढणं जड जातं, पण रोजचे १० रुपये जमतात. शेतकऱ्याचा पैसा पीक विकल्यावर येतो, तर त्याचा हप्ता तेव्हा.

सर्व्हिस का महत्त्वाची?

पॅनल २०-२५ वर्षं टिकतं, बॅटरी मात्र काही वर्षांतच बदलावी लागते. लेड-ॲसिड बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घातलं नाही, तर ती आणखी लवकर जाते. दुरुस्तीला कुणी आलं नाही, तर घर पुन्हा अंधारात आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच! म्हणून सेल्कोने गावांजवळ सर्व्हिस सेंटर आणि स्थानिक टेक्निशियन ठेवले.

तुमच्या घरी सोलार घेणार असाल, तर किमतीआधी दोन गोष्टी विचारा : बॅटरीची वॉरंटी किती आणि बिघडल्यावर येणार कोण?